सिग्नल कोअरमधले सासरे, त्यांचा हॅम रेडिओ आणि एक भरलेली खोली: काय करावं?

निळीशाई
नमस्कार मंडळी,
माझे सासरे एप्रिलमध्ये गेले. वय ७८. सिग्नल कोअरमधून (लष्कराचा संदेशवहन विभाग) सुभेदार म्हणून निवृत्त झाले होते. ७१च्या लढाईत शकरगढच्या बाजूला होते, एवढंच आम्हाला माहीत. त्यापुढे विचारलं की "होतो तिथं" म्हणायचे आणि विषय संपायचा. निवृत्तीनंतर त्यांनी हॅम रेडिओचं लायसन्स काढलं आणि गच्चीवरची खोली ताब्यात घेतली. पुढची तीसेक वर्षं जेवणखाण आणि पेन्शन एवढ्यासाठीच ते खाली उतरत.
आता ती खोली उघडली की काय करावं सुचत नाही. एक परदेशी बनावटीचा सेट, एक स्वतः बांधलेला धूड ॲम्प्लिफायर (त्यात मोठ्या काचेच्या नळ्या आहेत), मोर्स पाठवायची 'की' (बोटाने दाबायची कळ), रजिस्टरांचा ढीग आणि बुटांच्या खोक्यांत भरलेली देशोदेशीची कार्डं. गच्चीवर खांब आणि तारा आहेत त्या वेगळ्याच. नवरा म्हणतो भंगारवाल्याला बोलवू. सासूबाई काहीच म्हणत नाहीत, पण खोलीची किल्ली त्यांच्या कमरेला आहे.
इथे कोणी हॅमवाले आहेत का? या सगळ्याचं लोक काय करतात?

कडकट्ट
वाईट वाटलं. बाबांना माझं ७३. (हॅम आणि तारवाले निरोप घेताना हाच आकडा देतात, गैरसमज नको.)
मी तार खात्यात होतो. आमचं दुकान १४ जुलै २०१३च्या रात्री बंद झालं. त्यांचं चालू राहिलं याचा मला कायम हेवा वाटत आलाय. भंगारवाल्याला बोलवायच्या आधी ती रजिस्टरं वाचा. सेट परत मिळेल, रजिस्टर मिळणार नाही.

गुळपोळी
भावपूर्ण श्रद्धांजली. हॅम म्हणजे ते सँडविचमध्ये घालतात ते का? खरंच विचारतेय.

शंकासुर
@गुळपोळी, तेच. फक्त हे मीठ न लावता वर्षानुवर्षं टिकतं.

बिनतारी
निळीशाई ताई, मी लायसन्सधारक आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.
हॅम म्हणजे हौशी रेडिओ केंद्र चालवणारा. सरकारी परीक्षा द्यायची, पोलीस पडताळणी व्हायची, मग आपल्या नावाचं एक संकेतनाव मिळतं. भारतात ते बहुधा व्हीयूने सुरू होतं. त्या नावाने ठरवून दिलेल्या लहरींवर जगभरच्या इतर हौशींशी बोलायचं. धंदा नाही, गाणी वाजवणं नाही, गुप्त सांकेतिक भाषा नाही. प्रत्येक संपर्काची नोंद ठेवायची. ती रजिस्टरं म्हणजे त्याच नोंदी, आम्ही त्याला लॉग म्हणतो. तुमच्या सासऱ्यांच्या वेळी ग्रेड १ साठी मिनिटाला १२ शब्दांच्या वेगाने मोर्स द्यावा-घ्यावा लागायचा. सिग्नलच्या माणसाने तो झोपेत दिला असणार.
आता कामाचं:
लायसन्स माणसाचं असतं, घराचं नाही. ते त्यांच्याबरोबर संपलं. तेव्हा "चालतोय का बघू" म्हणून कोणीही त्या सेटचं बटण दाबून बोलू नये. दिल्लीला दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी विंगला (बिनतारी लायसन्सं बघणारा विभाग) पत्र लिहून ते गेल्याचं कळवा. सेट कोणाला द्यायचा झालाच तर घेणाऱ्याच्या लायसन्सची प्रत आधी घ्या. ट्रान्समीटर हा जुन्या टीव्हीसारखा ओएलएक्सवर टाकायचा माल नव्हे.
आणि त्या काचेच्या नळ्यांच्या ॲम्प्लिफायरला हात लावू नका. बहुतेक ८०७ नळ्या असतील, आपल्याकडच्या जुन्या हॅम मंडळींची लाडकी नळी. त्यावर ६००-७०० व्होल्ट सहज असतात. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये भार राहू शकतो. झाकण उघडणं जाणकाराचं काम.

निळीशाई
बापरे. मुलगा कालच त्याचे स्क्रू काढायला बसला होता. धन्यवाद!

शंकासुर
श्रद्धांजली मनापासून. पण एक प्रश्न विचारतो, राग मानू नका. खिशात फोन असताना हे सगळं कशाला? जपानमधल्या माणसाला "तुझा आवाज छान येतोय" हे सांगायला गच्चीवर वीस मीटर तार बांधायची?

बिनतारी
वीस मीटर बरोबर ओळखलंत! ७ मेगाहर्ट्झच्या अर्धलहरी डायपोल अँटेनाला जवळपास तेवढीच लागते. :)
फोन लागतो कारण मध्ये कोणाचे तरी टॉवर, केबल, सर्व्हर असतात. आमच्यात मध्ये कोणी नसतं. इथली तार, तिथली तार आणि वर आयनोस्फियर (वातावरणाचा उंचावरचा थर, लहरी परत खाली वळवणारा). गंमत त्यात आहे.

पायवाट
शिवाय आपत्तीत दुसरं काही चालत नाही तेव्हा हॅमच उभे राहतात. १९७९ला मोरवीचं धरण फुटलं तेव्हा, १९९९ला ओडिशाच्या महाचक्रीवादळात, २००१ला भूजला. २००४च्या त्सुनामीच्या वेळी तर भारती प्रसाद यांच्यासह हॅम मंडळींचा एक गट आधीपासूनच पोर्ट ब्लेअरला केंद्र लावून बसला होता. कितीतरी कुटुंबांना खुशाली त्यांच्याकडून कळली.

शंकासुर
हे सगळं मान्य. पण ते २० वर्षांपूर्वीचं. आज एनडीआरएफकडे सॅटेलाइट फोन आहेत. प्रत्येक छंदाला देशसेवेचं कुंकू लावायची गरज नाही एवढंच म्हणणं आहे.

बिनतारी
यात तुमचं पूर्ण चुकीचं नाही. आमच्यातलेच काही जण एका पुराच्या जोरावर आयुष्यभर भाषणं देतात. पण सॅटेलाइट फोन एका माणसाशी बोलतो. ७ मेगाहर्ट्झवर एक बोलला की चार राज्यांतले पन्नास जण ऐकतात आणि ज्याच्या हातात मदत आहे तो उत्तर देतो. पहिल्या काही तासांत, कुठे काय झालंय हेच माहीत नसतं तेव्हा, याची किंमत कळते.

माजी_ऑपरेटर
ताई, मीही सिग्नलचाच. जबलपूरला ट्रेनिंग, नंतर बरीच वर्षं डोंगरात. तुमच्या सासऱ्यांना ओळखत नव्हतो, पण "होतो तिथं" हे उत्तर चांगलं ओळखतो.
लोकांना वाटतं आम्ही गुपितं पोटात ठेवून गप्प बसतो. तसं फारसं नसतं. लढाईत ऑपरेटरच्या पुढ्यात कागद येतो त्यावर पाच-पाच अक्षरांचे गट असतात. सायफर. त्याला आगा ना पिच्छा. तुम्ही फक्त एकही अक्षर न चुकता पाठवायचं, समोरून आलेलं एकही अक्षर न चुकता उतरवून घ्यायचं. त्यात तोफखान्याला हुकूम होता, की रेशनची मागणी, की कोणाच्या मरणाची खबर, तुम्हाला कळत नाही. एक जण हाताने जनरेटर फिरवतोय, त्याला धाप लागलीय, वर आवाज चालू आहेत, आणि तुम्ही 'क ट प म र' पाठवताय. सगळी लढाई बोटांतून गेली आणि वाचली मात्र नाही. मग घरच्यांना सांगणार काय?
मोर्सला प्रत्येकाचा हात वेगळा असतो. कोणाचा डॅश लांबतो, कोणी दोन अक्षरांत अडखळतो. शेकडो मैलांवरचा माणूस, तोंड कधी पाहिलेलं नाही, पण की वर बसला की पाच सेकंदांत कळायचं आज कोण आहे. एखाद्या रात्री हात बदलला की पोटात गोळा यायचा. विचारायची सोय नव्हती.
निवृत्तीनंतर हॅम का झाले, हे मला तरी सरळ दिसतं. जन्मभर दुसऱ्याचे निरोप पाठवले. हॅमचा पहिला निरोपच मुळी माझं नाव अमुक, मी अमुक गावातून बोलतोय, असा असतो. फौजेत हीच दोन वाक्यं हवेत सोडली असती तर कोर्ट मार्शल झालं असतं.
तीव्र चौकस. (आमच्या कोअरचं ब्रीद.)

कडकट्ट
@माजी_ऑपरेटर, हे वाचून उठून एक चक्कर मारून आलो. तारेतही हात ओळखायचो आम्ही. आमच्याकडे मजकूर कळायचा, हा फरक. कधी कधी वाटायचं कळला नसता तर बरं.

पायवाट
माहितीत थोडी भर: सिग्नल आणि हॅम यांचं नातं जुनं आहे. स्वतंत्र भारतातल्या हौशींचा क्लब १९४८ला महूच्या स्कूल ऑफ सिग्नल्समध्येच सुरू झाला. तोच पुढे दिल्लीला गेला आणि १९५४ला ॲमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया झाला.

इतिहासप्रेमी_बंडू
त्याच्या आधीचंही सांगायला हवं. दुसरं महायुद्ध लागल्यावर इंग्रजांनी हौशींची लायसन्सं रद्द करून ट्रान्समीटर जमा करायला सांगितले होते. तरी १९४२ला मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी काँग्रेस रेडिओ हे गुप्त केंद्र चालवलं. ४२.३४ मीटरवर, ऑगस्टअखेरपासून १२ नोव्हेंबरला पकडले जाईपर्यंत. जागा सारख्या बदलत.

गुळपोळी
आणि त्यांचा ट्रान्समीटर बांधून देणारा नरिमन प्रिंटर हॅमच होता ना? तोच नंतर फुटला आणि पोलिसांना मिळाला.

इतिहासप्रेमी_बंडू
हो. कालपर्यंत हॅम सँडविचमध्ये शोधत होतात, प्रगती आहे.

गुळपोळी
दोन रात्री वाचतेय. नवऱ्याने विचारलं, नोकरी बदलतेस का.

शंकासुर
मग प्रिंटरला फितूर म्हणायचं की नाही? ट्रान्समीटर त्याने बांधला नसता तर रेडिओच नव्हता.

संपादक
काँग्रेस रेडिओसाठी वेगळा धागा काढावा. इथे निळीशाई यांचा प्रश्न अजून अर्धवट आहे.

निळीशाई
संपादक, राहू द्या. मला वाचायला आवडतंय.
रजिस्टरं उघडली. सासूबाईंनी किल्ली दिली आणि स्वतःही वर येऊन बसल्या. तारीख, वेळ, लहर, समोरच्याचं संकेतनाव, काहीतरी ५९९, ५७९ असे आकडे आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. वेळ सगळीकडे साडेपाच तास मागची. खोलीतलं ते मागे पडलेलं घड्याळ आम्ही बंद पडत आलेलं समजायचो, ते मुद्दामच तसं होतं म्हणे.
खरी मजा शेऱ्यात आहे. बाबा इंग्रजी कॅपिटलमध्ये लिहीत, पण मध्येच मराठी. "पाऊस. खरखर फार." "समोरच्या गृहस्थांस नातू झाला." "अँटेनावर पाहुण्यांचा टॉवेल. काढविला." एके ठिकाणी "सूनबाई रुसल्या आहेत, चहा उशिरा." ते भांडण मला आठवतं. त्यांनी ते ग्रीनिच वेळेत नोंदवलंय!
तीन गोष्टी कळल्या नाहीत:
१) जपानच्या एकाच स्टेशनचं नाव वर्षानुवर्षं येतं, बहुतेक दुपारी चार-साडेचारला. शेरा जवळजवळ काहीच नाही.
२) २००० ते २००२ची रजिस्टरं भरभरून आणि २००८-०९ मात्र पानंच्या पानं रिकामी. तेव्हा ते तासन्तास वर बसायचे, उतरले की गप्प असायचे. आम्हाला वाटायचं त्यांचं मन रमत नाही, नवरा तर डॉक्टरकडे न्यायच्या गोष्टी करत होता.
३) बऱ्याच ठिकाणी "८८ टू एक्सवायएल" असं आहे. सासूबाई विचारतायत ही कोण.

बोरकूट
तिसऱ्याचं उत्तर कोणी देऊ नका. थोडा वेळ मजा येऊ दे.

बिनतारी
अहो, आजींना ताटकळत ठेवू नका! हॅमच्या भाषेत एक्सवायएल म्हणजे बायको, पूर्वाश्रमीची तरुणी असा त्याचा अर्थ. आणि ८८ म्हणजे प्रेम आणि पापे. समोरच्याने "तुमच्या सौभाग्यवतींना सांगा" म्हणून पाठवलेलं असतं.

निळीशाई
सांगितलं. "इतक्या वर्षांत एकदाही पोचतं केलं नाही" एवढंच म्हणाल्या. मग बराच वेळ हसत होत्या.

माजी_ऑपरेटर
फौजेत असा निरोप अडवून ठेवला असता तर चार्जवर घेतलं असतं. :)

बिनतारी
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आभाळात आहे. सूर्यावरचे डाग साधारण अकरा वर्षांच्या चक्रात वाढतात-कमी होतात. डाग जास्त तेव्हा आयनोस्फियर जोरात तापतं... चूक, जोरात आयनीभूत होतं, आणि वरच्या लहरी थोड्या ताकदीतही जगभर जातात. २०००-०२ला ते चक्र शिखरावर होतं. २००८च्या शेवटाला तळाला, आणि तो तळ फार खोल होता, दिवसचे दिवस एक डाग नाही. तेव्हा आम्ही सगळेच सेटसमोर बसून खरखर ऐकत होतो. बाबांना काही झालं नव्हतं ताई. बँड मेला होता.
५९९ म्हणजे समोरच्याला दिलेला शेरा: वाचनीयता, ताकद, स्वराची शुद्धता. ५९९ म्हणजे उत्तम.

निळीशाई
बँड मेला होता!! आणि आम्ही मनोविकारतज्ज्ञ शोधत होतो. एकदा सांगायचं तरी त्यांनी.

माजी_ऑपरेटर
जपानचं मी सांगतो, अंदाजाने. १४ मेगाहर्ट्झवर त्या सुमारास तिकडची वाट चांगली उघडते. ठरलेली वेळ, ठरलेला माणूस. शेरा नाही कारण बोलण्यासारखं काही नसतंच. तुझा सिग्नल असा, इकडे हवा अशी, तब्येत बरी, ७३. त्याने हात ओळखला, यांनी हात ओळखला, झालं. शेवटची नोंद कधीची आहे?

निळीशाई
२०१६ ऑक्टोबर. त्यापुढे तीन आठवडे रोज त्याच वेळेला नुसतं "हाक दिली. उत्तर नाही." मग तेही बंद. डिसेंबरात एक ओळ: "एसके."

कडकट्ट
सायलेंट की. हॅम गेला की असं म्हणतात. म्हणजे जपानी गृहस्थ गेल्याचं त्यांना कुठून तरी कळलं असणार.

पायवाट
ताई, २६ जानेवारी २००१चं पान आहे का? सकाळी पावणेनऊचा भूकंप.

निळीशाई
आहे. तुमच्यामुळे मुद्दाम शोधलं. दुपारपासून दुसऱ्या दिवशीपर्यंत सलग नोंदी, सगळ्या ७ मेगाहर्ट्झवर. अक्षर एकदम वेगळं, बारीक, एकही मराठी शेरा नाही. गावांची नावं, तंबू, रक्तगट, "रस्ता बंद", "पुढे दिला", "पुढे दिला", "पोच मिळाली". नवऱ्याला आठवतं की आम्ही टीव्हीवर बातम्या बघत होतो आणि बाबा जेवायला आलेच नव्हते. कोणी वर जाऊन विचारलंही नाही.

माजी_ऑपरेटर
ते अक्षर फौजेतलं.

शंकासुर
छंदाबद्दल मी जे म्हणालो त्यावर अजूनही ठाम आहे. पण या पानाचा फोटो काढून ठेवा, कागद पिवळा पडायच्या आधी.

आर्द्रा_०७
मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि गेल्या वर्षी परीक्षा पास होऊन लायसन्स मिळालंय. माझ्याकडे फक्त हातात धरायचा छोटा सेट आहे, त्यावर शहराबाहेर फारसं जाता येत नाही. १४५.८०० मेगाहर्ट्झवर अंतराळ स्थानक डोक्यावरून जाताना ऐकते, तेवढंच लांबचं. मोर्स शिकतेय, पण ॲपवर. सेट मागत नाहीये (खरं तर मागतेच आहे), पण विकणार असाल तर हप्त्याने घेईन.

बोरकूट
ताई, एखाद्या कॉलेजला का देत नाही? क्लब स्टेशन होईल, नावाची पाटी लागेल.

बिनतारी
पाटी लागेल आणि सेट कपाटात जाईल. एका ठिकाणी असंच दिलं होतं आम्ही. ज्या सरांना हौस होती ते बदलून गेले, कपाटाची किल्ली कोणाकडे ते आजतागायत कळलेलं नाही. माझं मत: सेट वापरणाऱ्याला द्या. देणगीपेक्षा माणूस बघा.

इतिहासप्रेमी_बंडू
मला उलट वाटतं. घरगुती ॲम्प्लिफायर, लॉग, की हे सगळं एकत्र राहिलं तरच त्याला अर्थ. तुकडे केले की सामान होतं. एखादं सैनिकी संग्रहालय विचारून बघा.

कडकट्ट
संग्रहालयात काचेआड की ठेवणं म्हणजे तबला शोकेसमध्ये ठेवणं.
कार्डांचं मात्र सांगतो. ती क्यूएसएल कार्डं, संपर्क झाल्याची पावती. व्हिएन्नाला डोकुफुंक म्हणून रेडिओचा दप्तरखाना आहे, ते जगभरातल्या दिवंगत हॅमची कार्डं जपून ठेवतात. नाहीतर घरीच ठेवा, जागा किती लागते? पण ओलसर भिंतीपासून लांब, आणि रबरबँड काढून टाका. रबर वितळून कार्डाला चिकटतं.

निळीशाई
सगळं सासूबाईंना वाचून दाखवलं. घरात मतदान झालं, म्हणजे त्यांनी सांगितलं आणि आम्ही हो म्हटलं:
रजिस्टरं आणि कार्डं घरात राहतील. पानांचे फोटो माझा मुलगा काढणार, स्क्रू काढण्यापेक्षा बरं. ॲम्प्लिफायर बिनतारी येऊन बघतील, त्यांच्यावर सोडलंय. सेट आर्द्राला, पैसे नकोत. अट एकच, सासूबाईंची: सहामाहीची परीक्षा आधी, रेडिओ नंतर.
की बद्दल त्यांचं अजून ठरत नाहीये, विषय काढला नाही.

आर्द्रा_०७
मी लेक्चरमध्ये आहे आणि ओरडता येत नाहीये. लायसन्सची प्रत आजच पाठवते. आजींना सांगा परीक्षा नोव्हेंबरात आहे.

बिनतारी
डब्ल्यूपीसीच्या पत्राचा मसुदा मी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो, त्यात सेटचा मेक, मॉडेल, क्रमांक घाला. आर्द्रा, सेट मिळाल्यावर अँटेना न जोडता ट्रान्समिट करू नकोस, फायनल ट्रान्झिस्टर जातील.
आता खांब. तो एकट्यादुकट्याने उतरवायचा नाही. ताण दिलेल्या तारा एकदम सोडल्या की खांब कुठेही पडतो. शेजारून विजेची लाइन जाते का ताई? उंची किती?

निळीशाई
साधारण तीस फूट. लाइन रस्त्याच्या बाजूला आहे, खांब मागच्या बाजूला. पण एक तार नारळाला बांधलेली आहे आणि नारळ आता तिच्यावरून वाढलाय.

बिनतारी
नारळाकडची तार झाडापाशीच कापू, सोडवत बसायची नाही. चार माणसं हवीत, त्यातला एक नुसता खाली उभा राहून ओरडायला. पावसाआधीचा कुठलाही रविवार.

माजी_ऑपरेटर
मी येतो. गुडघे गेलेत, त्यामुळे ओरडायचं काम माझ्याकडे.

आर्द्रा_०७
मी आणि माझा भाऊ. त्याला अजून सांगितलेलं नाही.

शंकासुर
दोर आहे माझ्याकडे, गिर्यारोहणाचा. मलाही एक निरुपयोगी छंद आहे. पत्ता व्यनि करा.